नाकातलं शिसं

शिडीवरून उतरताना विंग कमांडर इनामदारांनी हेल्मेट काढलं नव्हतं. एरवी ते शेवटच्या पायरीवर थांबून हेल्मेट काखेत मारायचे आणि खाली उभ्या असलेल्या कुणाची तरी थट्टा करायचे. त्या दिवशी ते सरळ चालत विमानाच्या नाकापर्यंत आले, नाकावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हे माझं ऐकत नव्हतं."

"म्हणजे नेमकं काय साहेब?" मी विचारलं.

"सुरुवातीला ठीक होतं. इंधन कमी होत गेलं तसं नाक हलकं लागायला लागलं. दांडी जराशी मागे घेतली की आपणहून वर उचलायचं. उतरताना तर दोन्ही हातांनी धरून आणलं. हा आमच्या ओळखीचा घोडा नाही मॅडम. कुणीतरी बदललाय."

आजूबाजूला सात-आठ जण होते. 'कुणीतरी' हा शब्द ऐकल्यावर त्यातल्या बहुतेकांनी एकाच दिशेला पाहिलं. तिथं श्रीरंग होनप उभा होता.

मी तेव्हा कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागाची प्रमुख होते. जुन्या लढाऊ विमानांचं आधुनिकीकरण करून ती हवाई दलाला परत द्यायची, हे आमचं काम. सांगाडा, पंख आणि इंजिन जुनंच. रडार, पडदे, तारा, संगणक नवे. त्या मालिकेतलं हे पहिलं विमान. ते पास झालं तर बाकीची येणार होती, नाहीतर सगळा कार्यक्रमच गुंडाळला जाणार होता.

होनप आमच्याकडे वर्षभरापूर्वी आला. त्याआधी तो नव्या विमानाचा आराखडा करणाऱ्या गटात होता. तो गट पैशांअभावी थंडावला म्हणून त्याला वजन आणि तोलाचा हिशेब करायला इकडे पाठवलं. त्याला ते आवडलं नव्हतं आणि ते लपवायची त्याला गरजही वाटत नव्हती. कँटीनमध्ये एकदा तो सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, "नवं रडार जुन्याच्या निम्म्या वजनाचं. केवढी प्रगती! आणि आपण काय केलं? उरलेल्या वजनाचं शिसं नाकात भरलं. का, तर विमानाला कळू नये की त्याचं जुनं रडार गेलंय."

"मग काय करायला हवं होतं?" हँगरचे फोरमन बोरस्ते नाना त्याला म्हणाले होते.

"नवं विमान असतं तर तोल आधी ठरवला असता आणि रडार हलकं झालं म्हणून पंख थोडे मागे सरकवले असते. इथं तोल ठरवणारा माणूस तीस वर्षांपूर्वी ठरवून गेला. आता एक वस्तू काढली की दुसरी भरा. हे विमान बनवणं नाही, समजूत काढणं आहे."

"समजूत काढायला पण अक्कल लागते होनप साहेब," नाना म्हणाले. "लग्न झालंय ना तुमचं?"

सगळे हसले होते. होनपही हसला होता. पण बोललेलं लोकांच्या लक्षात राहतं. आधुनिकीकरण फसलं तर तो पैसा नव्या विमानाकडे वळेल, अशी कुजबूज कारखान्यात होतीच.

संध्याकाळी महाव्यवस्थापक कुलथे साहेबांनी मला बोलावलं. नाना आधीच तिथं बसले होते. कुलथ्यांनी दार स्वतः लावलं.

"देवरे, पुढचं उड्डाण सोमवारी आहे. इंधन अगदी तळाला जाईपर्यंत विमान हवेत ठेवायचंय. दिल्लीचे लोक बघायला येतायत. इनामदार म्हणतात, तुमची सही असेल तर मी बसतो. आता बोला."

"नाक हलकं आहे, म्हणजे नाकातलं शिसं कमी आहे," नाना म्हणाले. "वजन केलं तेव्हा बरोबर होतं. मी स्वतः काट्यापाशी होतो. त्यानंतर कुणीतरी पट्ट्या काढल्या."

"कुणी?" मी विचारलं.

नानांनी खिशातून सुपारीची डबी काढली, उघडली, पुन्हा मिटली. "ताई, मी नाव घेणार नाही. पण परवा जेवणाच्या सुट्टीत नाकाचं झाकण उघडं होतं. स्क्रू मोकळे. आणि आत डोकं घालून कोण उभं होतं, ते यासीननं पाहिलंय."

"होनप?"

"यासीनला विचारा."

यासीन रिव्हेटिंगचा जुना कारागीर. नाना आणि तो एकाच वर्षी भरती झालेले. तो खोटं बोलणारा नव्हता. त्याला विचारलं तर त्याने मान हलवली आणि एवढंच म्हणाला, "बॅटरी घेऊन बघत होते. मला पाहिलं तर दचकले."

कुलथ्यांना होनपचा पास काढून घ्यायचा होता. सुरक्षा विभागाला कळवायचं आणि त्याला गेटबाहेर काढायचं. "चौकशी नंतर होईल," ते म्हणाले. अशा ठपक्यानंतर त्याला कुठल्याच विमानाला हात लावता आला नसता. मी एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी होनपला मी माझ्या खोलीत न बोलावता धावपट्टीच्या कुंपणाशी भेटले. तिथं वाऱ्यामुळे कुणाला ऐकू जात नाही.

"झाकण का उघडलंत?"

"शिशाच्या पट्ट्या मोजायला."

"उड्डाणाच्या आधी? तेव्हा तर काही तक्रारच नव्हती."

त्याने धावपट्टीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला या हँगरचा भरवसा नाही मॅडम. इथं सगळे विमानाला 'ती' म्हणतात. तिला हे आवडतं, तिला ते चालत नाही. मी दिलेल्या आकड्याप्रमाणे पट्ट्या बसवल्यात की कुणाच्या मनाला वाटलं तशा, ते बघायचं होतं."

"परवानगी?"

"मागितली असती तर नानांनी दिली असती?"

"पट्ट्या किती होत्या?"

"सगळ्या होत्या."

"हे तुम्ही म्हणताय."

"हो. मीच म्हणतोय." तो कडवट हसला. "म्हणून तर सांगतो, पुन्हा वजन करा."

"आणि त्यात पुढचा काटा कमी निघाला तर?"

"तर मला काढा. पण तोवर इनामदारांना बसवू नका. नाक का हलकं झालं ते मला कळत नाहीये. मी नव्या विमानावर काम करत होतो तेव्हा न कळलेली गोष्ट कागदावर असायची. इथं ती हवेत आहे, आणि तिच्यात माणूस बसणार आहे."

तो खरं बोलतोय की चांगलं बोलतोय, हे मला ठरवता येईना. वजन करा, असं तो निर्धास्तपणे म्हणत होता. पण वजन करायचं म्हणजे विमानातलं सगळं इंधन काढायचं, ते जॅकवर चढवायचं, हँगरची दारं आणि पंखे बंद करायचे. सोमवारचं उड्डाण त्यातच बुडालं असतं. आणि कार्यक्रम लांबावा, हेच तर त्याला हवं आहे, असं सगळे म्हणत होते.

कुलथ्यांनी तेच म्हटलं. "त्याच्या जाळ्यात पाय ठेवताय तुम्ही."

"असेल. पण पट्ट्या गेल्यात हे काट्यावर दिसलं, तर तुमच्या हातात पुरावा राहील. आत्ता फक्त यासीनची बॅटरी आहे."

नाना म्हणाले, "ताई बरोबर बोलतायत. होऊन जाऊ द्या वजन. दूध का दूध." होनपला रंगेहाथ पकडायची त्यांना घाईच होती.

रविवारी सकाळी हँगरची दारं ओढून घेतली. वारा लागला तरी काटा हलतो, म्हणून पंखे बंद. आत घामाचा आणि केरोसीनचा वास कोंडला. विमान तीन जॅकवर उचललेलं, प्रत्येकाखाली एक काटा. एक नाकाखाली, दोन पंखांखाली. कुलथे, इनामदार, नाना, यासीन, होनप आणि मी. माझे दोन तपासनीस आकडे वाचायला.

विमानाच्या नाकावर अजून दसऱ्याचं हळदीकुंकू होतं. सुट्टीच्या दिवशी, पूजेपुरतं सगळे आले होते. स्पॅनर, ड्रिल, माझी मापनयंत्रं, सगळं विमानापुढे मांडून हार घातले होते. नानांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. मला सोनं देताना आपट्याच्या पानावर त्यांच्या अंगठ्याचा करडा ठसा उठला होता. "नाना, सणाच्या दिवशी तरी हात धुवा," मी म्हणाले होते आणि ते लाजून हसले होते. ते पान माझ्या पर्समध्ये तसंच होतं.

"पुढचा," मी म्हणाले.

तपासनिसाने आकडा वाचला. आधीच्या वजनापेक्षा कमी होता. थोडाथोडका नव्हता.

कुलथ्यांनी होनपकडे वळून दोन्ही हात पसरले. "झालं समाधान?"

इनामदार होनपपाशी गेले. आवाज न चढवता म्हणाले, "तुझं आणि माझं काय वैर होतं रे?"

होनप विमानाच्या नाकाकडे बोट दाखवत म्हणाला, "साहेब, मी पट्ट्या मोजल्या होत्या. उघडा नाक. आत्ता उघडा."

"आत्ता उघडून काय?" नाना म्हणाले. "रात्रीतून परत घातल्या असतील. माणूस शिकलेला आहे."

"परत घातल्या असत्या तर पुढचा काटा कमी कसा दाखवेल नाना?" होनप म्हणाला.

तोवर कुलथ्यांनी खिशातून फोन काढलाच होता. मी त्यांना हाताने थांबवलं. अजून दोन काटे वाचायचे राहिले होते. अर्धं वजन घेऊन मी आयुष्यात कधी सही केली नव्हती.

"डावा. उजवा."

आकडे आले. दोन्ही जास्त होते. मी तिन्हींची बेरीज केली, पुन्हा केली, मग आधीच्या वजनाचा कागद शेजारी ठेवून तिसऱ्यांदा केली.

"कुलथे साहेब, फोन ठेवा."

"का?"

"कुणी शिसं चोरलं असतं तर विमान हलकं झालं असतं. हे जड झालंय."

"म्हणजे?"

"म्हणजे नाकातून काही गेलेलं नाही. मागे काहीतरी आलंय. शेपूट दाबलं की नाक उचललं जातं. इनामदार साहेबांना हवेत तेच जाणवलं. इंधन पुढच्या टाकीतून कमी होत गेलं तसं जास्तच."

होनपने माझ्या हातातून कागद घेतला. त्याचे ओठ हलत होते. "बरोबर," तो म्हणाला. "साधारण एका माणसाच्या वजनाइतकं. पार टोकाला. पण तिथं मी काहीच ठेवलेलं नाही. तिथलं तर मी काढायला लावलं होतं."

तेव्हा मी नानांकडे पाहिलं. ते होनपकडे बघत नव्हते, काट्याकडेही नाही. ते शेपटाकडे बघत होते. सुपारीची डबी त्यांच्या हातातून निसटून फरशीवर पडली आणि सुपारीचे तुकडे जॅकपर्यंत घरंगळत गेले. त्यांनी ते उचलले नाहीत. हँगरच्या फरशीवर खिळा दिसला तरी वाकणारा माणूस होता तो.

यासीन नानांना हळूच म्हणाला, "निवृत्ती..."

"थांब," नाना म्हणाले. "मागचं झाकण काढा. नको. मी काढतो."

ते शिडी चढले. त्यांनी एकेक स्क्रू काढला. झाकण खाली आलं. आत, सांगाड्याच्या शेवटच्या कडीला बोल्टने आवळलेली शिशाची जाड वडी होती. कडीच्याच हिरवट रंगाने रंगवलेली. माहीत नसणाऱ्याला ती सांगाड्याचाच भाग वाटली असती, आणि माहीत असणाऱ्याला ती तिथं असणं इतकं सवयीचं होतं की तिच्यावर नजर ठरलीच नसती.

ती वडी मी ओळखत होते. जुनी विमानं हातांनी जुळवलेली. एकाच आराखड्यातून निघाली तरी कुठलीही दोन सारखी भरायची नाहीत. कुणाचं नाक जड, कुणाचं शेपूट. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी ज्याला जेवढं हवं तेवढं शिसं ओतायचे. आणि ते विमान जुळवणारी टोळी त्या शिशावर पंचने आपली नावं ठोकायची. कुठल्या नियमात नव्हतं, पण प्रत्येक विमानात होतं. हे विमान आमच्याकडे आलं तेव्हा ही वडी निघाली. तिच्यावर पाच नावं. त्यात निवृत्ती होतं, यासीन होतं. बाकीचे तिघे वारले होते. होनपने हिशेब करून लिहिलं की शिसं भरूनही नाक पूर्वीपेक्षा हलकंच आहे, तर शेपटातल्या वडीची गरज नाही. काढून भंगारात टाका. नाना म्हणाले होते, भंगारात नको, माझ्या केबिनमध्ये राहू द्या. त्यात कुणाला काय वावगं वाटणार?

"दसऱ्याला," नाना शिडीवरूनच म्हणाले. "पूजेच्या आधी. मी आणि यासीननं साखळी लावून चढवली. झाकण मी लावलं, तपासणीचा शिक्का पण मीच मारला." माझ्या पर्समधल्या पानावरचा करडा ठसा शिशाचा होता, ते मला तेव्हा कळलं.

"का?" कुलथे ओरडले.

नाना खाली उतरले. "इतकी वर्षं ती नावं घेऊन उडालं हे. एकदा काही झालं नाही. पहिल्यांदा नव्या रूपात जाणार, तर नावांशिवाय कसं पाठवायचं, असं वाटलं. मी म्हटलं, तिची सवयीची गोष्ट आहे. सवयीच्या गोष्टीचं काय वजन होतंय."

"आणि माझ्यावर आळ?" होनपने विचारलं.

"तो मुद्दाम नाही घेतला. आईशपथ. ही वडी मी मोजलीच नव्हती साहेब. मला खरंच वाटत होतं, तुम्हीच केलंय." त्यांनी होनपकडे पाहिलं. "आत्ताही मन म्हणतंय, याच्यात तुमचा कुठेतरी हात असेल. सवय लागलीय."

होनपला हसू आलं, पण ते त्याने गिळलं.

इनामदार शिडीवर चढून वडीवरची नावं वाचत होते. रंगाखाली अक्षरं बुजली होती, ते बोटाने चाचपत होते. खाली आल्यावर नानांसमोर उभे राहिले.

"सोमवारी मी इंधन तळाला नेणार होतो. नाक उचललं असतं, ते मला खाली आणता आलं नसतं. माझं नावही तिच्यावर ठोकायचं ठरवलं होतं का नाना?"

नानांनी खिशातून तपासणीचा शिक्का काढला आणि माझ्या हातात दिला. मला तो मागावा लागला नाही. मग ते खाली बसले आणि सुपारीचे तुकडे एकेक करून वेचायला लागले.

मी अहवालात घडलं ते लिहिलं. शिक्का त्यांना परत मिळाला नाही. यासीनला लेखी ताकीद मिळाली. कुलथ्यांनी होनपची माफी मागितली नाही, पण पास राहिला. वडी काढून पुन्हा वजन झालं आणि त्यानंतरच मी सही केली. उड्डाण लांबलं, दिल्लीचे लोक हात हलवत परत गेले आणि पुढच्या खेपेला पुन्हा आले. इनामदारांनी उतरताना शेवटच्या पायरीवर थांबून हेल्मेट काखेत मारलं. "आता ऐकतंय," एवढंच म्हणाले.

पुढे होनपच्या जुन्या गटाला पैसे मिळाले आणि तो निघून गेला. नव्या विमानाला हवेत जायला किती वर्षं लागतात ते मला तोवर कळलं होतं. माझे केस पांढरे झाले, नाना निवृत्त होऊन गावी द्राक्षं बघायला लागले, यासीन गेला. मग एक दिवस होनपचा फोन आला. दोन प्रवेशपत्रं काढली आहेत, नानांना घेऊन या.

ते हँगर आमच्यापेक्षा मोठं आणि थंड होतं. विमान रंग न दिलेलं, पिवळट. नाना काठी टेकत त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. कुठं रिव्हेट दिसत नव्हते, त्यामुळे हात कुठं लावावा ते त्यांना कळत नव्हतं.

होनप आम्हाला पंखाच्या मुळाशी घेऊन गेला. एक छोटं झाकण उघडलं. आत बोटाएवढ्या जाडीची पट्टी, आणि तिच्यावर ओळीने नावं. आराखडा करणारे, तारा ओढणारे, इंजिन बसवणारे.

"पहिल्याच रेखाटनात ही जागा ठेवली," तो म्हणाला. "बरोबर तोलाच्या बिंदूवर. इथं काही ठेवलं तरी नाक उचलत नाही की शेपूट दबत नाही. जुन्या विमानात ही जागा शोधून सापडली नसती नाना. तिथं आधीच कुणीतरी काहीतरी ठेवलेलं असतं."

नानांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. मग अंगठा उलटा करून पाहिला. स्वच्छ होता.

"छान आहे," ते म्हणाले. "काट्यावर चढवलंत?"

"आज दुपारी चढवतोय. म्हणून तर आजच बोलावलं."

"या पट्टीसकट?"

"पट्टीसकट."

नानांनी होनपकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं. मग काठीने एक खुर्ची ओढली, पुढच्या काट्याजवळ मांडली आणि बसले. चहा आला तो त्यांनी तिथंच घेतला. पुढचा आकडा वाचला गेला तेव्हा ते हलले नाहीत. तिन्ही आकड्यांची बेरीज होऊन ती जुळेपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत.